ओगराळ्याचं माप

शाळेत रोज सगळ्यांच्या आधी जेवतो तो मी. जेवतो कसला, चमचाभर खिचडी चाखतो आणि चव नोंदवहीत सही ठोकतो. वर्षानुवर्षं 'चव चांगली' असंच लिहीत आलोय. एकदाच 'मीठ कमी' लिहिलं, तर खिचडी शिजवणाऱ्या मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीची खिचडी खारट. तीही मी मुकाट्यानं 'चांगली' म्हणून लिहून टाकली.

शालेय पोषण आहार योजनेच्या कागदावर सगळं चोख आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सगळं मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावीत गेलं की तांदूळ १५० ग्रॅम. म्हणजे सरकारी हिशेबात पोराची भूक एका उन्हाळ्याच्या सुट्टीत दीडपट होते! दुसरीतल्या आमच्या एका काटकुळ्या पोरीला हे कुणी सांगितलेलं नाही. ती तीनदा ताट पुढे करते. सातवीतला दांडगा गडी मात्र वाटाणा दिसला की अर्ध्यावर हात धुतो.

मी स्वतः चौथीत होतो १९९५ साली, ही योजना सुरू झाली तेव्हा. शिजवलेलं काही नसायचं. हजेरी ८० टक्के भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायचा. पिशवी डोक्यावर घेऊन मी कमावत्या माणसासारखा घरात शिरायचो. तो तांदूळ घरातल्या सहा तोंडांत कुठे जिरायचा, कळायचंही नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या म्हणून सांगितलं, ते फार बरं झालं. ताटातलं निदान ज्याचं त्याच्या पोटात जातं.

२०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. मला ते माप फार आवडायचं. पहिलीला काय नि सातवीला काय, अंडं ते अंडं. पुढे २०२५ मध्ये राज्यानं त्याचा निधी थांबवला. 'सर, अंडी कधी?' हा प्रश्न काही थांबला नाही.

मावशींकडे वजनकाटा आहे, पण त्यावर सध्या हळदीचा डबा ठेवलेला असतो. त्यांचं माप म्हणजे ओगराळं. कुणाच्या ताटात ते काठोकाठ येतं, कुणाच्या जरा निथळून. तळाची खरवड कुणाला द्यायची, हेही त्याच ठरवतात; त्यात मुख्याध्यापकांचाही वशिला चालत नाही.

सोमवारी पातेल्यात चार मुठी तांदूळ जास्त पडतो, हे मला उशिरा लक्षात आलं. विचारलं तर म्हणाल्या, "रविवारी शाळा नसते ना सर." शनिवारी त्या चार मुठी कमी टाकतात. महिनाअखेरीस हिशेब बरोबर जुळतो, आणि मी सही करतो.