कमाटीबागेतला नाकतोडा

दिवाळीनंतर चार दिवस बडोद्याला दादाकडे राहून आलो. राजवाडा पाहिला, दांडिया बाजारात हिंडलो, सेव-उसळ खाल्ली आणि मंगळबाजारातल्या गर्दीने जीव नकोसा झाला. त्याबद्दल याहून अधिक लिहावेसे वाटत नाही. लिहायचे आहे ते सयाजीबागेतल्या एका सकाळबद्दल. महाराज सयाजीरावांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी उभारलेल्या या बागेला बडोदेकर अजूनही कमाटीबागच म्हणतात.

सोबत माझा अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याला व्यापारी जहाजावर जायचे होते. ऑगस्टमध्ये वैद्यकीय तपासणीत त्याच्यापुढे रंगांधत्व तपासण्याची इशिहारा पुस्तिका ठेवली गेली आणि रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे त्याला वाचता आले नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पुस्तिका मिटली, ‘हे आईकडून येते’ एवढेच म्हटले आणि पुढच्या मुलाला आत बोलावले. वाक्य शास्त्राला धरूनच होते, पण ते ज्या रीतीने माझ्या मुलासमोर टाकले गेले त्याचा राग मला अजून आहे. त्यानंतर तीन महिने आमच्या घरात हा विषय कोणी काढला नाही.

दादालाही लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. लहानपणी आई त्याला टोमॅटो आणायला पाठवायची नाही, त्याचे कारण मला फार उशिरा कळले. पुढे त्याने आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. त्या सकाळी फुलांच्या घड्याळाकडून आम्ही झाडांच्या सावलीत वळलो, तेव्हा तो एकदम थांबला आणि वाळलेल्या पानांकडे बोट करून म्हणाला, “नाकतोडा बघ केवढा बसलाय!” मुलगा लगेच म्हणाला, “हो मामा, डाव्या बाजूला.” तांबूस, पिवळ्या, हिरवट पानांच्या त्या पसाऱ्यात मी कितीही डोळे ताणले तरी मला केवळ पानेच दिसत होती, आणि माझ्या शेजारी मामा-भाचे एकाच ठिकाणी बघत उभे होते.

बाकावर बसल्यावर दादा बोलू लागला, तो जवळजवळ तासभर. आपल्याला रंगांची विविधता गोंधळात टाकते, ज्यांना ती कमी दिसते त्यांची नजर आकारावर आणि पोतावर ठरते, म्हणून रंगाने लपलेली वस्तू काही वेळा त्यांना आधी सापडते, हे माणसांवरच्या प्रयोगांत दिसले आहे, असे त्याने सांगितले. मग तो स्क्विरल मंकीवर आला. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत राहणारे, किडे आणि फळांवर जगणारे हे माकड जेमतेम किलोभर वजनाचे असते. १९५९ मध्ये अंतराळात जाऊन सुखरूप परतलेली मिस बेकर याच जातकुळीतली. विणीच्या हंगामाआधी नर खांद्यापाशी कसे सुटतात, आपलेच मूत्र तळव्यांना का चोळतात, हेही दादाला सांगायचे होते. पण मुलगा वारंवार रंगांकडेच परत येत होता.

या माकडांत लाल-हिरव्या टोकाकडचा रंग ओळखणारे एकच जनुक एक्स गुणसूत्रावर असते, मात्र त्याचे वेगवेगळे नमुने आढळतात. नराकडे एक्स एकच, म्हणून प्रत्येक नराची नजर माझ्या दादासारखी. मादीकडे दोन एक्स. त्यांवर दोन निराळे नमुने आले, तरच तिला तिन्ही रंगांचे जग दिसते. “आपल्या आईकडून मला, तुझ्याकडून याला,” दादा माझ्याकडे वळून म्हणाला, “त्यात अपराध कसला गं?” मला उत्तर देता आले नाही. तीन महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

पुढचा भाग मुलाने श्वास रोखून ऐकला. अमेरिकेत जे निट्झ, कॅथरीन मॅन्कुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाल्टन आणि सॅम नावाच्या दोन प्रौढ माकडांच्या दृष्टिपटलामागे, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने, माणसातले ते जनुक पोहोचवले. पडद्यावरच्या करड्या ठिपक्यांत रंगीत ठिपक्यांचा पुंजका कोठे आहे तेथे माकडाने स्पर्श करायचा, बरोबर आले की द्राक्षाचा रस. माझ्या मुलाने दिलेलीच ही परीक्षा, फक्त आकड्यांऐवजी पुंजका. सुमारे वीस आठवड्यांनी ती माकडे पूर्वी चुकत असलेले रंग ओळखू लागली, आणि तो फरक दोन वर्षांहून अधिक टिकला. हे संशोधन २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. बालपण सरल्यावर मेंदू नवा रंग स्वीकारणार नाही, अशी तोवर अनेकांची धारणा होती. मला त्या साऱ्या हकिकतीत हेच सर्वांत मोठे वाटले. माणसांतल्या लाल-हिरव्या रंगांधत्वावर असा उपचार अजून रुग्णालयात मिळत नाही, हेही दादाने स्पष्ट सांगितले. त्याने मुलाला खोटी आशा दाखवली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

“मामा, पहिल्यांदा लाल दिसला तेव्हा त्या माकडांना काय वाटलं असेल?”

“ते सांगू शकत नाहीत रे. त्यांनी बरोबर जागी बोट लावलं, एवढंच आपल्याला ठाऊक.”

मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग उठून पुन्हा त्या पानांपाशी गेला आणि मला हाक मारली. मी वाकले. त्याने माझे बोट धरले आणि हळूहळू एका पानाकडे नेले. दोनदा मला काही दिसले नाही. तिसऱ्यांदा पानाच्या कडेला दुमडलेला मागचा पाय दिसला, त्यावरची करवतीसारखी बारीक कड दिसली, आणि मग सबंध नाकतोडा.