माझा अनुभव: सायनसमधली गाठ आणि सीडीसाठी घातलेल्या चार खेपा

एमआरआयच्या रिपोर्टमधली ती ओळ अजून तोंडपाठ आहे: स्फेनॉइड सायनसच्या हाडात कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ, ट्यूमरची शक्यता नाकारता येत नाही. (स्फेनॉइड सायनस म्हणजे नाकाच्या मागे खोलवर असलेली हाडातली पोकळी; कॉन्ट्रास्ट म्हणजे स्कॅनआधी शिरेतून देतात ते औषध, ते शोषणारा भाग उजळ दिसतो.) डोकं दुखतं म्हणून केलेली तपासणी, आणि हाती हे. त्या रात्री घरात कुणाचाच डोळा लागला नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बायोप्सीचं, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचं, नाव काढलं नाही. म्हणाले, ‘‘पूर्वी कधी सीटी काढलाय?’’ दोन वर्षांपूर्वी सर्दी हटत नव्हती तेव्हा काढला होता. ‘‘त्याची सीडी आणा. नुसती फिल्म चालणार नाही.’’

इथे नऊ दिवस गेले. पहिल्या खेपेला काउंटरवरून उत्तर आलं, ‘‘फिल्म दिलीय ना, मग सीडी कशाला?’’ दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरवाले रजेवर. तिसऱ्यांदा सीडी मिळाली, धावत डॉक्टरांकडे नेली, तर आत आठ फोटो! मेंदू दिसावा अशा सेटिंगचे, त्यात हाड नुसतं पांढरंफेक. संताप अजून जात नाही. आपण जिवाच्या भीतीने उभे असतो आणि समोरचा मान वर करून बघतही नाही. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: ‘डायकॉम फाइल्स, सगळे पातळ काप, 1 मिलिमीटर किंवा कमी, बोन.’ डायकॉम म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल्स, बोन म्हणजे हाड दिसेल अशा सेटिंगचे काप. ती चिठ्ठी दाखवली आणि दहा मिनिटांत काम झालं. तुम्ही पहिल्याच दिवशी अशी चिठ्ठी मागून घ्या.

रेडिओलॉजिस्टनी माउस ओढून बोन विंडो लावली. करडा मेंदू पुसला गेला आणि हाड उघडं पडलं. गाठ दुधी काचेसारखी, एकसारखी धुरकट, कडा शेजारच्या हाडात विरघळलेल्या. फायब्रस डिस्प्लेसिया. हाडाच्या जागी तंतुमय पेशीजाल आणि कच्चं हाड भरतं, कर्करोग नव्हे. या पेशीजालात रक्तवाहिन्या असतात म्हणून ते कॉन्ट्रास्ट घेतं आणि एमआरआयवर भलतंच दिसतं. ऑस्टिओमाचं, म्हणजे हाडाच्याच साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीचं, उलट, असं त्यांनीच सांगितलं: तो सीटीवर हस्तिदंतासारखा पांढरा, पण एमआरआयवर हवेसारखा काळा, त्यामुळे नजरेतून सुटू शकतो.

दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून त्यांनी मापं घेतली. दोन वर्षांत फरक नाही. बायोप्सी टळली, स्फेनॉइडला लागूनच डोळ्याची नस आणि मेंदूची मोठी धमनी असते, तिथे उगाच सुई नको. त्या खोलीत मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सांगायचं राहिलं: डोळ्याची नस इतकी जवळ असते, म्हणून डोळ्यांचीही तपासणी करून घ्या, समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीसकट.

परवा वर्षाचा सीटी झाला. सीडी त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून काप दिसेपर्यंत मी काउंटर सोडला नाही. गाठ तेवढीच आहे.