सोळाची पाऊणकी आणि सोळाचा पाऊण घात

प्रश्न एका ओळीचा होता. १६ चा घातांक ०.७५ असेल तर किंमत किती? पर्याय होते ४, ८, १२ आणि २४. अभ्यासिकेत मोबाइलवर सराव परीक्षा देत होते. विचारही न करता मी १२ वर बोट ठेवलं, कारण सोळाची पाऊणकी बारा हे मला झोपेतही सांगता येतं. आजोबांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे रोज संध्याकाळी म्हणून घेतले होते. उत्तर चुकलं. बरोबर उत्तर होतं ८.

मी तेव्हा रेल्वेच्या एनटीपीसी, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या, परीक्षेची तयारी करत होते. मराठी घेऊन बी.ए. झालेली, दहावीनंतर गणिताशी संबंध संपलेला. पहिल्या टप्प्यात ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यातले ३० गणिताचे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. पेपर मराठीतून देता येतो हा मोठा आधार होता, पण चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. त्या सराव परीक्षेत मी गणिताचे १४ प्रश्न सोडवले. ८ बरोबर, ६ चूक. चुकलेल्यांपैकी चार घातांकांचे होते.

नियम मला पाठ होते. पाया, म्हणजे जिचा घात करायचा ती संख्या, सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताचा घात असेल तर गुणाकार. वहीचं एक पान त्यांनी भरलेलं होतं. पण घातांकात अपूर्णांक किंवा दशांश चिन्ह दिसलं की हात आपोआप साध्या गुणाकाराकडे वळायचा. ०.०४ चा घातांक उणे १.५ हा प्रश्न आला, तेव्हा मी ०.०४ ला १.५ ने गुणून पुढे उण्याचं चिन्ह लावलं आणि उणे ०.०६ लिहिलं. खरं उत्तर १२५ आहे. एवढ्याशा ०.०४ मधून सव्वाशे कसे निघतात, हे कळेपर्यंत पुढे जायचं नाही असं मी त्या रात्री ठरवलं.

माझी भाची आठवीत होती. तिच्या गणिताच्या पुस्तकात ‘घातांक व घनमूळ’ हे प्रकरण आहे. मी ते मागून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. घातांक अपूर्णांक असेल तर छेद कितवं मूळ काढायचं ते सांगतो आणि अंश कितवा घात करायचा ते. एवढंच. पण मी १६ चा तिसरा घात करायला घेतला, ४०९६ पर्यंत आले आणि आता त्याचं चौथं मूळ कसं काढायचं म्हणून थांबले. भाची शेजारी चित्र रंगवत होती. ती म्हणाली, “आत्या, छेद आधी घे ना. मूळ काढलं की आकडा लहान होतो, मग घात करायला सोपं जातं.” १६ चं चौथं मूळ २. दोनाचा घन ८. तोंडी झालं. घात आधी की मूळ आधी, उत्तर तेच येतं, पण वेळ कुठे जातो ते मला तिने दाखवलं.

ऋण घातांकासाठी मी एक उभी यादी केली. दोनाचा तिसरा घात ८, दुसरा ४, पहिला २, शून्यावा १. दर पायरीला निम्मं होतंय. मग उणे एकला अर्धा, उणे दोनला पाव. उण्याचं चिन्ह संख्येला ऋण करत नाही, ते तिला उलटी करतं, हे मला नियम पाठ करून कधीच पटलं नव्हतं, यादी उतरत गेले तेव्हा पटलं. मग ०.०४ कडे परत आले. ०.०४ म्हणजे शंभरात चार, म्हणजे १/२५. घातांक ऋण, म्हणून उलटवला: २५. उणे गेलं, उरले दीड, म्हणजे ३/२. पंचवीसचं वर्गमूळ ५, पाचाचा घन १२५. आणखी एक गोष्ट त्यातच सापडली. दीड म्हणजे एक आणि अर्धा, म्हणून २५ एकदा पूर्ण घ्यायचे आणि त्यांना त्यांच्या वर्गमूळाने गुणायचं: २५ गुणिले ५. दिडकीत पंचवीसचे साडेसदतीस होतात. दिडकीत आपण पंचवीसमध्ये त्याचं निम्मं मिळवतो, घातात त्याला वर्गमूळाने गुणतो. हा फरक मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला.

सर्वांत चिवट चूक दशांश चिन्हाची होती. ०.९ चं वर्गमूळ ०.३, असं मी कितीतरी वेळा लिहिलं. ०.३ ला ०.३ ने गुणलं की ०.०९ येतं, ०.९ नाही. एकापेक्षा लहान धन संख्येचं वर्गमूळ त्या संख्येहून मोठं असतं: ०.२५ चं ०.५. यावर मला लागू पडलेला उपाय एकच, दशांश दिसला की आधी अपूर्णांक करायचा. ०.००८ म्हणजे ८/१०००, त्याचं घनमूळ २/१०, म्हणजे १/५. त्यामुळे ०.००८ चा घातांक उणे २/३ असेल तर उत्तर २५, आणि त्यासाठी कागदावर तीन ओळीही लागत नाहीत.

मात्र पाया ओळखता आला नाही तर हे सगळं अडतं. २४३ म्हणजे तिनाचा पाचवा घात, ७२९ म्हणजे सहावा, ६२५ म्हणजे पाचाचा चौथा, हे डोळ्यांना दिसावं लागतं. मी एक कागद स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवला. सकाळी भाकरी थापताना दोनाचे घात म्हणायचे: बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. हाताची लय आणि आकडे जुळून यायचे. महिन्याभरात कागदाची खालची बाजू ज्वारीच्या पिठाने पांढरी झाली. आई फोडणी देता देता मध्येच विचारायची, “पाचशे बारा कुठला गं?” मी म्हणायचे, “दोनाचा नववा.” मग तीच सांगायची, “आणि आठाचा तिसरा.” आई सातवीपर्यंत शिकलेली. ५१२ दोन्हीकडून बघायचं हे तिच्यामुळे माझ्या लक्षात आलं.

एका प्रश्नावर मी आधी चार मिनिटं घालवली होती. २५६ चा घातांक ०.१६, गुणिले २५६ चा घातांक ०.०९. मी ०.१६ चा ४/२५ करून २५६ चं पंचविसावं मूळ शोधत बसले होते. दशांशाचा अपूर्णांक करायचाच, पण घातांकांत तो कधी करायचा याला वेळ असते. पाया एकच आहे, तेव्हा आधी बेरीज: ०.२५. आता अपूर्णांक करा, पाव. २५६ चं चौथं मूळ ४. ही बेरीज मात्र गुणाकारातच. दोनाचा घन अधिक दोनाचा चौथा घात म्हणजे ८ आणि १६ मिळून २४, सातवा घात १२८ नव्हे. बेरजेच्या चिन्हाजवळ मी आजही पेन्सिलने गोल करते.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गावी आजोबांना भेटायला गेले. त्यांना दिसत कमी होतं, वही दाखवून उपयोग नव्हता. म्हणून तोंडीच विचारलं, “दादा, सव्वादोनचं वर्गमूळ किती?” वर्गमूळ हा शब्द त्यांच्या कामाचा नव्हता, तेव्हा फोड करून सांगितलं, कशाला त्यानेच गुणलं की सव्वादोन येतात? ते खाटेवर बसल्या बसल्या बोटं मिटत दिडकी म्हणू लागले. एक दिढे दीड, दोन दिढे तीन, आणि मग थांबून, मधली जागा शोधून म्हणाले, “दीड दिढे सव्वादोन.” मी घरी सव्वादोनचे ९/४ केले होते, मूळ ३/२ काढलं होतं. दोन्ही वाटांनी दीडच आलं. त्यांनी विचारलं, “हे परीक्षेत विचारतात?” मी हो म्हणाले. मग त्यांनी मला समोर बसवून अडीचकी सुरू केली.