उकिरड्यातली हिरवी पाती

माया संस्कृतीचं उत्खनन म्हटलं की लोकांना राजांच्या कबरी आणि जेडचे मुखवटे आठवतात. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा उकिरडा येतो. ग्वाटेमालातल्या पेतेनच्या जंगलात, तिकाल या प्राचीन माया शहरापासून फार लांब नसलेल्या वस्तीतलं एक साधं घर, त्याच्या परसातला कचऱ्याचा थर आणि पोतीच्या पोती खापरं.

त्या दुपारी निवडटिपण चालू असताना खापरं धुणाऱ्या केक्ची (इथल्या एका माया समाजातल्या) बाईंनी एक तुकडा बाजूला काढला. "बाटलीची काच दिसते. टाकून देऊ?" शंका रास्त होती, वरच्या थरात बिअरच्या बाटल्यांचे तुकडे निघतातच. हा मात्र पार खालून, 5व्या शतकातल्या खापरांबरोबर आला होता. उजेडात धरला. सोनेरी झाक असलेला हिरवा रंग, करंगळीच्या नखाएवढी रुंदी, पाठीवर दोन समांतर कडा. डेक्कन कॉलेजात इनामगावच्या उत्खननातली कॅल्सेडनी दगडाची पाती हाताळलेल्या माणसाला अशा कडा ओळखायला वेळ लागत नाही. ऑब्सिडियनच होतं, म्हणजे ज्वालामुखीतून बनलेली नैसर्गिक काच.

मूलद्रव्यं मोजणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली धरलं, कारण त्यांच्या प्रमाणावरून खाण ओळखता येते: झिर्कोनियम भरपूर, स्ट्रॉन्शियम जवळपास नाहीच. म्हणजे मेक्सिकोतल्या पाचूकाचं, तेओतिवाकान शहराला माल पुरवणाऱ्या खाणींचं. आमच्याकडचं करडं ऑब्सिडियन बहुतेक एल चायालचं असतं, ग्वाटेमालाच्याच डोंगरातलं. पाचूका सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे 1000 किलोमीटर. बैल नाही, घोडा नाही, गाडी नाही. कपाळाला पट्टा लावून पाठीवर वाहायचं, पाणी असेल तिथं होडी.

जेवताना एक सहकारी लगेच सुरू झाला. इ.स. 378 मध्ये सिह्याह काक नावाचा सेनानी तिकालला आला, त्याचा तेओतिवाकानशी संबंध लावतात. तेव्हा हे त्याच्या एखाद्या सैनिकाचं घर! एका पात्यावरून सैन्य उभं करणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पात्याच्या दोन्ही धारा पार झिजलेल्या दिसत होत्या. त्याच ढिगातल्या करड्या पात्यांची गतही तीच. घरच्यांनी त्याला मौल्यवान म्हणून जपलं नव्हतं. वापरलं, बोथट झालं, फेकलं.

पुढच्या हंगामात शेजारच्या घरांचे उकिरडे उघडायचे आहेत. तिथंही हिरवं निघालं, तर हा माल बाजारात सगळ्यांना मिळत होता असं म्हणता येईल. नाही निघालं, तर मात्र सहकाऱ्याचं पुन्हा ऐकून घ्यावं लागेल.