पाडायच्या आधी एकदा थांबूया का?

समोरची चार मजली बिल्डिंग पाडायला घेतली त्याला आता तीन आठवडे झाले. आधी खिडक्या निघाल्या, मग ग्रिल, मग दारं, आणि मग मशीन आलं आणि त्यानंतर सगळं इतक्या भराभर झालं की सकाळी दिसलेला जिना संध्याकाळी नव्हताच. मी रोज बाल्कनीतून बघतेय, कारण आमची बिल्डिंगपण त्याच वाटेवर आहे. रिडेव्हलपमेंटच्या दोन मीटिंग झाल्यात, आणि दोन्हीत "एरिया किती वाढून मिळणार" आणि "पार्किंग किती" याच्या पलीकडे बोलणं गेलं नाही. दुरुस्ती करून चालेल का हे कोणी विचारलंच नाही, मीपण नाही, आणि तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय म्हणून हे लिहायला बसले.

मशीन यायच्या आधी दोन दिवस एक काका समोरच्या कोपऱ्यात उकिडवे बसून विटा साफ करत होते. एका हातात वीट, दुसऱ्या हातात छोटी हातोडी, दोन-तीन हलके ठोके मारले की चिकटलेला मसाला गळून पडायचा आणि वीट अख्खीच्या अख्खी ढिगावर. मी खाली जाऊन विचारलं, सगळ्याच विटा अशा निघतात का हो? म्हणाले, "नाही ताई, ह्या मागच्या जुन्या भिंतीतल्या, चुन्यात बांधलेल्या, म्हणून सुटतात. वरचं काम सिमेंटमधलं, तिथे मारलं की मसाला तसाच राहतो आणि वीटच फुटते." चुना विटेपेक्षा मऊ असतो म्हणून तो आधी सुटतो हे मी नंतर वाचलं, पण त्यांना ते हाताने माहीत होतं. बांधतानाच पुढे कधीतरी हे सोडवावं लागेल असा विचार केला तर सामान परत वापरता येतं, नाहीतर सगळ्याचा मलबा होतो. मशीन आल्यावर काकांचं काम थांबलं. घाई होती म्हणे.

आता तो मलबा जातो कुठे? स्टील वेगळं काढतात, ते वितळवून परत वापरलं जातं, ते ठीक आहे. पण काँक्रीट फोडून फारतर रस्त्याखाली नाहीतर भरावात जातं, त्याचा परत स्लॅब क्वचितच होतो. आणि नवीन बिल्डिंगसाठी सिमेंट नव्याने बनवावं लागतं, जे पर्यावरणाला फार महाग पडतं. जगात दरवर्षी माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो. चुनखडी भट्टीत १४५० अंशांच्या आसपास तापवतात, त्यासाठी इंधन जळतंच, पण निम्म्याहून जास्त वायू खुद्द चुनखडीच्या दगडातून निघतो, म्हणजे भट्टी उद्या सोलारवर चालवली तरी तो निघणारच. आपल्या जुन्या बिल्डिंगसाठी हे सगळं एकदा खर्च होऊन गेलंय, भिंती-स्लॅबच्या रूपात ते आपल्याभोवती उभं आहे, आणि आपण ते फेकून तोच खर्च पुन्हा एकदा करायला निघतो.

यावर नेहमी एक उत्तर येतं की नवीन बिल्डिंग "ग्रीन" असेल, सोलार असेल, वीज कमी लागेल, म्हणजे भरून निघेल. निघेलही, पण कधी? अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने हा हिशोब मांडला होता. सर्वसाधारण जुन्या बिल्डिंगपेक्षा ३० टक्के कमी ऊर्जा लागणारी नवीन बिल्डिंग बांधली, तर बांधकामात झालेलं हवामानाचं नुकसान भरून निघायला प्रकारानुसार १० ते ८० वर्षं लागतात. आणि आपण आरसीसीच्या बिल्डिंगा ४०-५० वर्षांत पाडायला निघतो. सोलार जुन्या गच्चीवरपण बसतं हो, गच्ची वॉटरप्रूफ करून तिच्यावर पांढरा रंग मारता येतो, खिडक्यांना बाहेरून सावली देता येते, पाइप बदलता येतात.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ग्रां पार्क नावाच्या वसाहतीत १९६०च्या दशकातल्या तीन उंच इमारती होत्या, ५३० घरांच्या. आन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल या आर्किटेक्ट जोडीने अजून दोन सहकाऱ्यांबरोबर त्या न पाडता बाहेरून वाढवल्या. तयार सांगाडे क्रेनने उचलून प्रत्येक मजल्याला जोडले, त्यामुळे घराला जवळजवळ ३.८ मीटर बाहेर आलेली नवीन जागा मिळाली, अर्धी बंद अर्धी उघडी, जिथे थंडीत ऊन साठतं. लिफ्ट, बाथरूम, वायरिंग सगळं नवीन. काम २०१७ पर्यंत झालं आणि लोक पूर्ण वेळ आपल्याच घरात राहिले. म्हणजे एरिया वाढवायचा तर पाडावंच लागतं असं काही नाही. आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं समजलं जाणारं प्रित्झ्कर पारितोषिक २०२१ मध्ये याच जोडीला मिळालं. मला मात्र त्यांची त्याहून छोटी गोष्ट जास्त आवडते. १९९६ मध्ये त्याच शहरात त्यांना एक छोटा चौक सुशोभित करायला सांगितला, तर त्यांनी तिथे वेळ घालवला, लोकांशी बोलले आणि सांगितलं की चौक सुंदरच आहे, खडी बदला, झाडांची निगा राखा, साफसफाई वाढवा, बस. असं सांगायला केवढी हिंमत लागते, कारण आर्किटेक्टने काहीच बांधायचं नाही म्हणजे मिळणारं काम सोडायचं.

पण मी पाडण्याच्या सरसकट विरोधात नाहीये. काँक्रीटच्या आतली सळई गंजली की ती फुगते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे वरचं काँक्रीट पोपडे धरून सुटतं, आणि हे कॉलममध्ये खोलवर गेलं असेल तर तिथे माणसं ठेवणं गुन्हा आहे. तेव्हा पाडावंच. कधीकधी तर पाडल्याने शहराचं भलंच होतं. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, चंगेचॉन ओढ्यावर उभा केलेला फ्लायओव्हर २००३ पासून काढायला घेतला आणि २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा ओढा परत उघडा झाला, त्याच्या काठची हवा जवळच्या समांतर रस्त्यापेक्षा ३ ते ६ अंशांनी थंड मोजली गेली. (त्यात पाणी बरंचसं पंपाने सोडावं लागतं हेही खरंय, एकदा बुजवलेला ओढा पूर्वीसारखा होत नाही.) आणि पाडायचंच तर कसं पाडायचं यालाही नियम करता येतो. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २०१६ पासून १९१६ किंवा त्याआधीची घरं मशीनने चिरडायला बंदी आहे, हाताने एकेक भाग सोडवून काढावा लागतो, पुढे ती मर्यादा १९४० पर्यंतच्या घरांना लावली. म्हणजे विटा साफ करणाऱ्या त्या काकांना तिथे कोणी उठवलं नसतं.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल मीटिंगमध्ये कोणीच बोलत नाही, ती म्हणजे माती. समोरच्या प्लॉटमध्ये मागे एक मोठं झाड होतं, ते "वाचवलंय" म्हणे, बुंध्याभोवती पत्रे लावलेत. पण बेसमेंटचा खड्डा त्याच्यापासून चार पावलांवर आलाय. झाडाची बहुतेक मुळं वरच्या एक मीटरभर मातीतच असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, त्यामुळे बुंधा सांभाळून मुळं कापली तर ते झाड आज उभं दिसेल आणि दोन-तीन वर्षांत वाळेल. शिवाय पार्किंगसाठी प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बेसमेंट केलं की वरची बाग म्हणजे स्लॅबवरची फूट-दीड फूट माती, तिच्यात लॉन येतं, मोठं झाड नाही येत, आणि पावसाचं पाणी जमिनीत न मुरता पाइपमधून सरळ रस्त्यावर येतं. ब्रोशरमध्ये मात्र खरी जमीन काय आणि स्लॅबवरची माती काय, दोन्ही हिरवंच दिसतं.

आमची पुढची मीटिंग रविवारी आहे. मी एका कागदावर लिहून नेणार आहे: स्ट्रक्चरल ऑडिटचा पूर्ण रिपोर्ट सगळ्यांना वाचायला द्या, नुसता निष्कर्ष नको. दुरुस्तीचं वेगळं एस्टिमेट मागवा, आणि ते नवीन बिल्डिंगच्या प्रपोजलशेजारी ठेवून बघू. पाडायचंच ठरलं तर सुटेल तेवढं सामान हाताने सोडवायची अट करारात घाला, आणि प्लॉटचा एक तुकडा बेसमेंटशिवाय, आकाशापासून खालपर्यंत मोकळा ठेवा. शेजारच्या काकूंना काल हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या पहिल्या दोन मुद्द्यांवर मीपण सही करते, बाकीचं मला नीट समजावून सांग. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातेय.