बाक हलवला त्याची गोष्ट

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात एका कौन्सिलसाठी मी झाडं तपासते. प्रत्यक्षात झाडांपेक्षा तक्रारींचीच उत्तरं जास्त लिहिते: पानं गटारात पडतात, सावली पडते, पक्षी गाडीवर घाण करतात.

मागच्या सप्टेंबरात एका बाईंचा फोन आला, बागेतल्या ओकच्या "खोडातून मांस बाहेर आलंय" म्हणून. जाऊन पाहिलं तर जमिनीपासून हातभर उंचीवर लालभडक, ओलसर, जिभेसारखी अळंबी. कापली की लाल रस गळतो. इथले लोक तिला बीफस्टेक म्हणतात. ती गाभ्याचं लाकूड खाते, तेही अगदी सावकाश. ओकच्या गाभ्यात टॅनिन हे तुरट द्रव्य ठासून भरलेलं असतं. ते बहुतेक बुरशांना झेपत नाही, हिला झेपतं. तिच्यामुळे तपकिरी झालेल्या लाकडाला फर्निचरवाले जास्त भाव देतात. आणि झाडाचं गाभ्यावाचून फारसं अडत नाही. ओक दर वसंतात पानं फुटण्याआधी रुंद नळ्यांचं नवं कडं तयार करतो, पाणी मुख्यतः त्या बाहेरच्या कड्यातूनच चढतं. कधीकधी तर पोकळ झालेला ओक स्वतःच्याच कुजलेल्या गाभ्यात मुळं सोडतो. वडाच्या पारंब्या बाहेर लोंबतात, याच्या आत.

खोडाचा घेर ४.४० मीटर, म्हणजे त्रिज्या साधारण ७० सेंटिमीटर. नायलॉनच्या हातोडीनं ठोकत फिरले. एका बाजूला आवाज मडक्यासारखा. मग खोडाभोवती सेन्सर लावले. ठोक्याचा आवाज घट्ट लाकडातून भरभर जातो, कुजक्यातून रखडतो, त्यावरून आतला नकाशा निघतो. सगळ्यात पातळ जागी भिंत २६ सेंटिमीटर भरली. आमच्या धंद्यातला ढोबळ आडाखा असा, की भिंत त्रिज्येच्या तीस टक्क्यांहून जाड असेल तर पोकळ खोडही नळीसारखं उभं राहतं. इथे सदतीस. या आकड्याचा मला फार आनंद झाला होता, तो इथे लिहून ठेवते.

आमच्या साहेबांना झाड पाडायचं होतं. पाडलेलं झाड कुणावर पडत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. मी सांगितलं, ब्रिटनमध्ये ओकच्या आधारानं जगणाऱ्या सुमारे २३०० जाती मोजल्यात आणि त्यांतल्या ३२६ ओकशिवाय दुसरीकडे आढळत नाहीत. त्यांनी विचारलं, त्यांतला एक तरी मतदार आहे का? (झाड कुणी लावलं याची नोंद नाही. शरदात ओकची फळं पुरून ठेवणारा एखादा ‘जे’ नावाचा पक्षी आपलं पुरलेलं विसरला असेल.)

शेवटी झाड राहिलं. अहवालात मी दोन शिफारशी केल्या: शेंड्याचा भार थोडा कमी करा आणि खालचा बाक हलवा. बाक मुळांसाठी. माणसं बसून-उठून माती तुडवतात, ती घट्ट होते, मुळांना आणि त्यांच्याशी जोडलेल्या बुरशीला हवा मिळत नाही. पहिल्या शिफारशीला पैसे मिळाले नाहीत. बाक हलवणं स्वस्त, ते झालं.

यंदा जुलैत, उकाड्याच्या एका दुपारी, पानही हलत नसताना नऊ मीटरची आडवी फांदी काडकन तुटली आणि बाकाच्या जुन्या जागेवर पडली. कुणी नव्हतं तिथे. मी तुटलेलं टोक बोटांनी चाचपून पाहिलं. तंतू ताजे, कुज नाही, भेग नाही. उन्हाळ्यात अशा धडधाकट फांद्या पडतात हे माहीत आहे, त्याचं पक्कं कारण अजून कुणी लावलेलं नाही. मी दोन दिवस खोड ठोकत बसले होते. या फांदीकडे दुर्बिणीतून एकदा पाहिलं आणि पुढे गेले.

बैठकीत साहेब म्हणाले, "बाक हलवायचं हिला आधीच सुचलं होतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "थँक यू."

अहवालात ओळ स्पष्ट आहे: माती घट्ट होऊ नये म्हणून. ती ओळ कुणी वाचलेली नाही. उरलेल्या लांब फांद्यांचा भार कमी करायला मात्र आता लगेच पैसे निघाले.

पडलेली फांदी मी तिथेच ठेवायला लावली. गवत कापणारा माझ्यावर चिडून आहे, त्याला दर वेळी वळसा घालावा लागतो. तिचा जाड बुंधा अर्धा मातीत पुरून घेतलाय. स्टॅग बीटल या मोठ्या भुंग्याच्या अळ्या जमिनीखालच्या अशाच कुजत्या लाकडात कित्येक वर्षं काढतात. बाक नव्या जागी आहे, पण तिथे ऊन लागतं म्हणून परवा एक तक्रार आली.