ट्रेमधला ब्रेकॉन

मार्च अर्धा सरला होता. सुरू हंगामाच्या उसात खोडकिड्याचे दिवस, त्यामुळे ट्रायकोकार्डांना मागणी भरपूर. खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती मारणारा ट्रायकोग्रामा हा बारीक मित्रकीटक या कार्डांवरून शेतात सोडतात. हडपसरकडच्या एका प्रयोगशाळेत मी ही कार्डं बनवते. शेतकऱ्याला कार्ड दिसतं, पण त्यासाठी आधी तांदळावरचा पतंग पोसावा लागतो. ज्वारीच्या भरड्यात त्याची अंडी सोडायची, सव्वा महिन्याने पतंग निघतात. त्यांची अंडी चाळून घ्यायची (पंखांची भुकटी छातीत गेली की रात्रभर खोकला), पाऊण तास अतिनील दिव्याखाली ठेवायची, डिंकाने कार्डावर चिकटवून ट्रायकोग्रामाला द्यायची. चौथ्या दिवशी अंडी काळी पडली की कार्ड जमलं. एका कार्डावर 20 हजारांच्या आसपास.

त्या सोमवारी एका ट्रेवरचं कापड काढलं तर अळ्या जाळ्यात लुळ्या पडलेल्या. चिमट्याने एक उचलून भिंगाखाली धरली. अंगाला पाच-सहा पिवळट, बारीक अळ्या चिकटून तिला शोषत होत्या. ब्रेकॉन!

ब्रेकॉनही मित्रकीटकच, बारीक माशीसारखा; अळीला लुळं करून तिच्यावर अंडी घालतो. नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी तो मुद्दाम वाढवून बागेत सोडतात. पण आमच्या खोलीत शिरला की पतंगाची पैदास संपली. खिडकीची जाळी बदला म्हणून दिवाळीपासून सांगत होते. दरवेळी एकच उत्तर, पुढच्या महिन्यात बघू. जाळीला किती पैसे लागतात हो?

"ताई, निम्मे ट्रे चांगले दिसतायत, ठेवू या," सहकारी म्हणाली. मी ऐकलं नाही. 40 च्या 40 ट्रेंमध्ये उकळतं पाणी ओतलं.

मग दौंडच्या काकांना फोन केला. "मॅडम, पोंगे वाळायला लागलेत. ओढला की हातात येतो, घाण वास मारतो. कार्डं कधी?" महिनाभर तरी नाहीत, म्हटलं. ते जरा थांबले. "मग फवारतो." दोन वर्षं त्यांनी उसात विषारी औषध घातलं नव्हतं. मागच्या भेटीत पानांवरचे ढालकिडे (लेडीबर्ड) त्यांनी मला हौसेने दाखवले होते.

शुक्रवारी खिडकीच्या काचेवर एक बारीक तपकिरी माशी मी पाहिली होती. बाहेरची असेल म्हणून सोडून दिली. ती तेव्हाच मारली असती तर? काही ट्रेंमध्ये ब्रेकॉनचे पांढरे कोषही होते, म्हणजे तिथे ब्रेकॉन शुक्रवारच्या आधीच पोचला होता. नुसत्या बारीक अळ्या होत्या ते ट्रे मात्र नंतर लागलेले असणार. ते किती होते, मोजलंच नाही. आधी पाणी ओतलं.